देणगीची तारीख, निर्णयाची तारीख

कंपन्यांनी राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या आणि त्यातून सरकारी निर्णयांवर पडणारा प्रभाव या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उदाहरणांतले आकडे कुठे कल्पित असतील तर तिथे ‘समजा’ म्हटले आहे.

आमची घरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी शेतीची अवजारे बनवते. एका पक्षाच्या कार्यालयातून दहा लाखांची देणगी मागितली आहे. किती देता येते? रोख दिली तर चालते का? करात सूट मिळते का? (सांगली)

रोख एक रुपयाही देऊ नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८२ नुसार कंपनीची देणगी अकाउंट पेयी धनादेश, बँक ड्राफ्ट किंवा बँकेतून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच गेली पाहिजे. कंपनी स्थापन होऊन तीन आर्थिक वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर तिला राजकीय देणगी देताच येत नाही.

रक्कम अशी काढा. लगतच्या तीन आर्थिक वर्षांच्या निव्वळ नफ्याची सरासरी घ्या आणि तिचे साडेसात टक्के करा. समजा, तीन वर्षांचा नफा ४८, ३० आणि ४२ लाख आहे. बेरीज १२० लाख, सरासरी ४० लाख, साडेसात टक्के म्हणजे ३ लाख. सगळ्या पक्षांना मिळून त्या वर्षात एवढेच देता येतील. दहा लाख द्यायचे तर सरासरी नफा किमान १ कोटी ३४ लाखांच्या घरात हवा. मर्यादा ओलांडली तर दंड दिलेल्या रकमेच्या पाचपटीपर्यंत जातो, म्हणजे दहा लाखांवर पन्नास लाख. शिवाय जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

अनेक हिशेबनीसांच्या डोक्यात अजून ‘आता मर्यादा नाही’ हेच बसलेले आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने ती काढली होती हे खरे. पण १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निवडणूक रोखे (स्टेट बँकेतून विकत घेऊन, नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी म्हणून देता येणारे रोखे) घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ही अमर्याद मुभाही मोडीत काढली. पक्षाचे नाव लपवण्याची सोयही त्याच निकालात गेली. त्यामुळे नफा-तोटा पत्रकात रक्कम आणि पक्षाचे नाव दोन्ही दाखवावे लागते.

ठराव संचालक मंडळाच्या प्रत्यक्ष सभेत झाला पाहिजे. कागद फिरवून घेतलेल्या सह्या या कामाला चालत नाहीत. घरच्या कंपनीत नेमके इथेच चुकते: देणगी आधी जाते आणि ठराव मागाहून, जुनी तारीख टाकून लिहिला जातो. बँकेचे विवरण आणि इतिवृत्त शेजारी ठेवले की ते कोणालाही दिसते.

कराचे म्हणाल, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जीजीबीने कंपनीला देणगीची पूर्ण वजावट दिली आहे. मात्र तुम्ही २२ टक्के दराचा, म्हणजे ११५बीएएचा पर्याय घेतला असेल, तर ही वजावट मिळत नाही. ‘पावती लावू, कर वाचेल’ असे सांगून देणगी मागणाऱ्याला आधी कंपनीचा कर दर कोणता ते सांगा. ‘धनादेश द्या, कमिशन कापून रोख परत घ्या’ असे सांगणारा कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. नोंदणी आहे पण मान्यता नाही, अशा किरकोळ पक्षांच्या नावावर हा धंदा चालतो. प्राप्तिकर खात्याने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा पक्षांवर छापे घातले. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये असे ३३४ पक्ष यादीतून काढले. पक्षाचे नाव आयोगाच्या ताज्या यादीत पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितलीच पाहिजे. तुमचा परवाना किंवा बिल त्याच पक्षाच्या मंत्र्याच्या खात्यात अडकलेले असेल आणि देणगीचा निरोप त्याच सुमारास आला असेल, तर थांबा. काम करून देण्याच्या बदल्यात पैसे गेले, तर ते धनादेशाने गेले म्हणून कायदेशीर ठरत नाहीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देणाराही आरोपी होतो, कंपनीही होते. दबावाखाली द्यावे लागलेच, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला लेखी कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. आठव्या दिवशी ते मिळत नाही.

आमच्या भागात मोठी कामे घेणाऱ्या कंपनीने निवडणूक रोखे घेतले होते, असे ऐकतो. हे घरबसल्या कसे तपासायचे? (ठाणे)

तपासता येते. मात्र पुरावा एका कागदात मिळत नाही. तीन ठिकाणच्या तारखा गोळा करून एका तक्त्यात मांडाव्या लागतात.

पहिले ठिकाण म्हणजे रोख्यांच्या याद्या. न्यायालयाच्या आदेशानंतर स्टेट बँकेने माहिती दिली आणि आयोगाने १४ मार्च २०२४ रोजी ती संकेतस्थळावर टाकली. त्यात दोन याद्या होत्या, एक कोणी घेतले याची आणि दुसरी कोणी वटवले याची. दोन्हींना जोडणारा दुवा मात्र नव्हता. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला प्रत्येक रोख्याच्या क्रमांकासह याद्या आल्या. या दुसऱ्या याद्याच वापरा. एक्सेलमध्ये जोडताना नुसता अंकी क्रमांक घेऊ नका. त्याच्या आधीची अक्षरेही घ्या, कारण ती अक्षरे रोखा एक कोटीचा, दहा लाखांचा की एक लाखाचा ते सांगतात. दोन्ही रकाने एकत्र करून मग जुळवा, नाहीतर भलत्याच पक्षाच्या नावापुढे भलताच देणगीदार येईल.

खरेदीच्या यादीत १८,८७१ रोखे आहेत आणि वटवण्याच्या यादीत २०,४२१. बेरीज जुळत नाही म्हणून गोंधळू नका. याद्या १२ एप्रिल २०१९ पासूनच्या आहेत. त्याआधी घेतलेले काही रोखे नंतर वटले, त्यांचे खरेदीदार या याद्यांत नाहीत. मार्च २०१८ पासूनच्या पहिल्या वर्षाची खरेदीही त्यात नाही. म्हणून नाव सापडले नाही, तर ‘या यादीत नाही’ एवढेच म्हणा.

नावांचा घोळ वेगळाच. एकच कंपनी तीन स्पेलिंगने येते आणि काम घेणारी कंपनी एक, तर रोखे घेणारी तिची उपकंपनी असते. यावर उपाय म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाचे संकेतस्थळ. तिथे नावावरून कंपनीचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांक मोफत मिळतो. त्यातले पहिले अक्षर सूचिबद्ध आहे की नाही ते सांगते, मग पाच अंक उद्योगाचे, दोन अक्षरे राज्याची, त्यानंतरचे चार अंक स्थापनेच्या वर्षाचे. कालपरवा जन्मलेली कंपनी कोट्यवधींचे रोखे घेते आहे का, हे त्या चार अंकांवरून चटकन कळते. शंभर रुपये भरले की त्या कंपनीची दाखल झालेली कागदपत्रे उघडतात. त्यातला एओसी-४ म्हणजे ताळेबंद, आणि एमजीटी-७ मध्ये भागधारक व समूह कंपन्यांची माहिती असते. देणगी नफ्याच्या कितीपट आहे ते ताळेबंदावरून काढा. संचालक मंडळाचा देणगीचा ठराव मात्र मागू नका. ते ठराव लोकांना पाहता येणार नाहीत, असे कायद्यातच लिहिले आहे. आमच्या मते हे कलम बदलायला हवे.

दुसरे ठिकाण म्हणजे शासनाचे निर्णय. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या संकेतस्थळावर निविदा मिळते, शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर मंजुरी मिळते. निविदा उघडल्याच्या दिवशी प्रभाव दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, तो त्याच्या आधीच वापरलेला असतो. पूर्वअर्हतेच्या अटी वाचा: उलाढाल किती हवी, कोणत्या प्रकारच्या कामाचा अनुभव हवा, डांबराचा प्लांट कामापासून किती किलोमीटरच्या आत हवा. एखादी अट अशी बेतलेली असते की एकच ठेकेदार तिच्यात बसतो. त्यानंतर निघालेली शुद्धिपत्रके पाहा. मुदत संपायला दोन दिवस असताना बदललेली अट पुष्कळ काही सांगते. कार्यादेशानंतर मुदतवाढ आणि वाढीव कामे येतात, आणि कमी दराने घेतलेल्या कामाची भरपाई बहुतेकदा तिथेच होते.

तिसरे ठिकाण माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, शुल्क दहा रुपये. अर्जात ‘का’ हा शब्द आला की उत्तर टाळले जाते, म्हणून कागद मागा. मजकूर असा ठेवा:

‘अमुक रस्त्याच्या कामाची निविदा, क्रमांक अमुक. १) निविदा भरणाऱ्या सर्वांची नावे व दर. २) तांत्रिक छाननीत अपात्र ठरलेल्यांची नावे व छाननी समितीचा अहवाल. ३) कार्यादेशाची प्रत. ४) मुदतवाढ व वाढीव खर्चाच्या मंजुरीची टिपणी, तारखांसह.’

तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करा. त्याचे शुल्क वीस रुपये. हाच अर्ज पक्षाच्या कार्यालयात देऊन उपयोग नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू असल्याचा आदेश दिला होता. पक्षांनी तो पाळलेला नाही.

आता तक्ता करा: तारीख, घटना, रक्कम, कागदाचा संदर्भ. तुमच्या जवळचेच उदाहरण घ्या. मेघा इंजिनिअरिंग ही ९६६ कोटींचे रोखे घेणारी, खरेदीदारांत दुसऱ्या क्रमांकाची कंपनी. तिने ११ एप्रिल २०२३ रोजी १४० कोटींचे रोखे घेतले आणि त्याच वर्षी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे सुमारे १४ हजार कोटींचे काम तिला मिळाले. या दोन तारखा शेजारी आहेत, एवढेच त्यातून कळते. देवाणघेवाण झाली हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी स्पर्धेत आणखी कोण होते, अटी कधी बदलल्या आणि हरलेल्यांनीही रोखे घेतले होते का, हे पाहावे लागते. हरलेल्या कंपनीनेही तेवढेच दिले असेल, तर तुमची शंका ढिली पडते. जिंकणाऱ्याने दिले, बाकी कोणी दिले नाही आणि अट मध्येच बदलली, असे निघाले तरच विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो. हे पाऊल गाळून थेट आरोप करणाऱ्यांमुळे खरी प्रकरणेही हास्यास्पद ठरतात, आणि वर बदनामीची नोटीस येते.

आणि हे सगळे दिल्लीच्याच सत्तेभोवती फिरते, असे गृहीत धरू नका. भारतीय जनता पक्षाला या याद्यांनुसार सर्वाधिक, सुमारे ६,०६० कोटी मिळाले. पण सर्वात मोठा खरेदीदार असलेल्या फ्युचर गेमिंग या लॉटरी कंपनीच्या १,३६८ कोटींपैकी मोठा भाग तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक या, तेव्हा आपापल्या राज्यांत सत्तेवर असलेल्या पक्षांकडे गेला. लॉटरीला परवानगी राज्य देते. ज्याच्या हाती परवाना, त्याच्याकडे पैसा, हा धागा धरून याद्या वाचा.

रोखे बंद झाले. मग आता पैसा कोणत्या वाटेने जातो? (नाशिक)

थेट धनादेशाने आणि इलेक्टोरल ट्रस्टमार्फत. ट्रस्टची योजना २०१३ ची आहे. कंपन्या ट्रस्टला पैसे देतात आणि वर्षात आलेल्यापैकी किमान ९५ टक्के ट्रस्टने नोंदणीकृत पक्षांना वाटायचे असतात. २०२४-२५ मध्ये नऊ ट्रस्टनी मिळून सुमारे ३,८११ कोटी वाटले, त्यातले सुमारे ३,११२ कोटी भाजपला गेले.

रोख्यांपेक्षा हे नक्कीच बरे आहे, कारण देणगीदारांची नावे आयोगाकडे जातात आणि प्रसिद्ध होतात. उणीव अशी की अनेक कंपन्यांचे पैसे एका हंड्यात पडतात, मग कोणाचा रुपया कोणत्या पक्षाला गेला ते अहवालात नसते. यावर एक चाचणी करता येते. अहवालात जमा आणि वाटप दोन्हींच्या तारखा असतात. एका कंपनीचे समजा २५ कोटी सोमवारी जमा झाले आणि बुधवारी नेमके २५ कोटी एका पक्षाला गेले, मध्ये दुसरी जमा नाही, तर दुवा बऱ्यापैकी पक्का धरता येतो.

खरा दोष उशिराचा आहे. हिशेब मार्चअखेर बंद होतो, अहवाल त्यानंतर काही महिन्यांनी जातो आणि लोकांसमोर आणखी उशिरा येतो. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान नोव्हेंबर २०२४ मध्ये झाले. त्या वर्षीचे ट्रस्टचे आकडे डिसेंबर २०२५ मध्ये आपल्यापर्यंत आले. मत देताना जी माहिती हवी होती, ती मत दिल्यावर वर्षाने मिळाली. पैसे बँकेतून जातात, तेव्हा आठवड्याच्या आत ते जाहीर करायला काय अडचण आहे, हे कोणत्याही पक्षाने आजवर पटेल असे सांगितलेले नाही.

स्मरणिकेतली जाहिरात, दहीहंडीचे प्रायोजकत्व, नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, हे देणगीत मोजायचे का? (रत्नागिरी)

पक्षाने किंवा पक्षासाठी काढलेल्या स्मरणिकेत कंपनीने जाहिरात दिली, तर कलम १८२ नुसार ती त्या पक्षाला दिलेली देणगीच आहे. साडेसात टक्क्यांत ती धरावी लागते. हिशेबात ती ‘जाहिरात खर्च’ म्हणून दाखवण्याची चूक सर्रास होते. प्राप्तिकरात तो व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होत नाही.

दहीहंडी किंवा गणेशमंडळाला दिलेल्या पैशांचे उत्तर परिस्थितीप्रमाणे बदलते. कंपनीला माहीत असताना, एखाद्या पक्षाचा जनाधार वाढेल अशा कामासाठी पैसे दिले, तर ती राजकीय कारणासाठी दिलेली देणगी मानली जाते. मंडप सार्वजनिक, पण कमानीवर इच्छुक उमेदवार आणि पक्षचिन्ह असेल, तर वर्गणी म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका. सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी खर्चायच्या निधीतून राजकीय देणगी दाखवता येत नाही.

१९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी होती, तशी पुन्हा आणावी असे मला वाटते. (दादर, मुंबई)

तुमचा संताप योग्य आहे, उपाय आम्हाला पटत नाही. ती बंदी १९८५ पर्यंत टिकली. तो काळ लायसन्स, परमिट आणि कोट्याचा होता. सरकारच्या सहीशिवाय कारखाना हलत नव्हता आणि धनादेशाचा मार्ग बंद होता. पैसा थांबला नाही, तो रोखीत आणि ट्रस्टमध्ये शिरला. मुंबईकरांना सिमेंटचे प्रकरण आठवत असेल. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टना बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि टंचाईच्या दिवसांत त्यांना सिमेंटचा कोटा मिळाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे चालला. त्या प्रकरणातही जे कळले ते देणग्या आणि सिमेंटचे वाटप शेजारी ठेवून तपासल्यामुळेच.

१९८५ मध्ये पाच टक्क्यांच्या मर्यादेने परवानगी आली, २०१३ च्या कायद्याने ती साडेसात केली. आम्हाला बंदीपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. ती घातल्याशिवाय पैशाची भूक कमी होणार नाही. दुसरे, ज्याच्याकडे सरकारचे चालू कंत्राट आहे त्याने त्या काळात देणगी देऊ नये. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कंत्राटदारांना अशी बंदी १९४० पासून आहे. आपल्याकडे फक्त सरकारी कंपनीला मनाई आहे, सरकारचे काम घेणाऱ्या खासगी कंपनीला नाही.

परदेशी मालकीची कंपनी इथल्या पक्षाला देणगी देऊ शकते का? आणि आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो, तो देऊ शकतो का? (मडगाव, गोवा)

पहिल्या प्रश्नाचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. लंडनच्या वेदांत रिसोर्सेसच्या ताब्यातील स्टरलाइट आणि तुमच्याकडची खाण कंपनी सेसा यांनी भाजप आणि काँग्रेसला देणग्या दिल्या होत्या. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या परदेशी स्रोताच्या, म्हणून बेकायदा ठरवल्या. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. पण अपिलाचा निकाल लागण्याआधीच २०१६ च्या वित्त कायद्याने परकीय देणगी नियमन कायद्यातली ‘परदेशी स्रोता’ची व्याख्या बदलली आणि बदल २०१० पासून लागू केला. अपिले मागे घेतली गेली. आधीच्या, १९७६ च्या कायद्याखालच्या देणग्या तरीही उघड्या राहत होत्या, म्हणून २०१८ मध्ये तीच दुरुस्ती ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू केली. तो वित्त विधेयकाचा भाग होता आणि लोकसभेत चर्चेविना मंजूर झाला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे दोन्ही पक्ष ज्या दुरुस्तीने एकत्र सुटले, तिच्यावर सभागृहात एक तासही खर्च झाला नाही, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. आजची स्थिती अशी: भारतात नोंदलेली कंपनी त्या क्षेत्राच्या परकीय गुंतवणुकीच्या मर्यादेत असेल, तर देणगी देऊ शकते.

मुलाचा पासपोर्ट कोणता ते पाहा. भारतीय असेल तर देऊ शकतो, ट्रस्टमार्फत दिली तर पासपोर्ट क्रमांक द्यावा लागतो. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असूनही देता येत नाही, आणि मडगावच्या बँकेतल्या रुपयांच्या खात्यातून दिली तरी ती परदेशी देणगीच धरली जाते.